कातळशिल्पांचे वय कसे मोजायचे?

साताऱ्याजवळचे कासचे पठार किंवा पाचगणीचे टेबललँड तुम्ही पाहिले असेल. तिथे पायाखाली असतो तो तांबूस, सच्छिद्र खडक म्हणजे जांभा. उष्ण, पावसाळी हवामानात बेसाल्ट खडकातील विरघळणारी द्रव्ये हळूहळू वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरतात. कोकणातील सडेही याच खडकाचे. पावसाळ्यात हिरवे आणि उन्हाळ्यात वाळवंटासारखे रखरखीत असणाऱ्या या सड्यांवर प्राचीन माणसाने चित्रे कोरली आहेत.

राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. त्याच्या बाह्यरेषेच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा असलेला माणूस दिसतो. सुधीर रिसबूड व धनंजय मराठे यांनी २०१२ पासून गावोगाव हिंडून अशी शेकडो चित्रे उजेडात आणली. २०२२ मध्ये कोकण व गोव्यातील अशी ९ ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली.

पण ही चित्रे किती जुनी? येथे पदार्थविज्ञानाची परीक्षा लागते. कार्बन-१४ चे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे. म्हणजे ११,४६० वर्षांनी त्याचा चौथा हिस्साच उरतो. हे घड्याळ लाकूड, हाड, कोळसा अशा एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंतच चालते. कोरलेल्या रेषेत तसे काहीच नसते, कारण तिथे दगड फक्त काढून टाकलेला असतो!

दुसरे घड्याळ मातीच्या कणांत असते. कण गाडले गेले, की भोवतालच्या किरणोत्साराने त्यांत ऊर्जा साठत जाते. सूर्यप्रकाश लागताच ती निघून जाते. साठलेली ऊर्जा मोजली, की कण किती काळ अंधारात होते ते कळते. पण उघड्या सड्यावरील खाचांतली माती दर पावसाळ्यात धुपते आणि नवी भरते. तिचे वय ते चित्राचे वय नव्हे.

म्हणून संशोधक आजूबाजूचे पुरावे पाहतात. कोकणातून नाहीसा झालेला गेंडा चित्रांत आहे, शेतीची दृश्ये मात्र नाहीत. परिसरात दगडी हत्यारेही सापडतात. यावरून काही चित्रे १० ते १२ हजार वर्षांपूर्वीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. हे अनुमान आहे, मोजमाप नव्हे.

चिऱ्यांसाठी सडा कापताना नुसते चित्र वाचवून भागणार नाही, ते यासाठीच. भोवतालची माती, हत्यारे आणि जवळच्या गुहा यांतच त्याचे वय दडलेले आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी ते मोजायला निघेल, तेव्हा हा पुरावा जागेवर असला पाहिजे.