स्क्रीन लॉक होत नाही? मग ग्राहकाची माहिती उघडी आहे!



समजा, तुम्ही अंबड किंवा भोकरदनला ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर टाकलंय. भांडवल कमी, म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर फुकटचं लिनक्स टाकलं. हिशोब बरोबर आहे. पण तुम्ही झेरॉक्स काढायला उठलात आणि स्क्रीनवर कुणाचं आधार, पासबुक तसंच उघडं राहिलं तर? रांगेतला कुणीही मोबाइलवर फोटो काढू शकतो. उद्या काही गडबड झाली, तर गावात नाव तुमचंच निघणार.

स्क्रीनसेव्हर चालू होत नसेल तर या क्रमाने बघा.

१. सेटिंग बघा. उबुंटूमध्ये प्रायव्हसीच्या भागात 'स्क्रीन लॉक' आहे. लिनक्स मिंटच्या सिनॅमनमध्ये सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'स्क्रीनसेव्हर' आहे. तिथे वेळ 'नेव्हर' असेल तर तुम्ही कितीही वाट बघा, काही होणार नाही.

२. काळी स्क्रीन म्हणजे बिघाड नाही. उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर हलती चित्रं येत नाहीत, स्क्रीन फक्त काळी होते. मात्र काळी होणं वेगळं, लॉक होणं वेगळं! लॉकचं बटण स्वतंत्र आहे, तेही चालू करा.

३. व्हिडिओ बंद करा. ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू असला की तोच स्क्रीनला जागं ठेवतो. हो, आमचा व्हिडिओसुद्धा! 'कॅफीन'सारखं एक्स्टेन्शन टाकलं असेल तर तेही बंद करा.

४. माउस तपासा. काचेच्या टेबलावर माउसचा बाण आपोआप थरथरतो. कॉम्प्युटरला वाटतं, माणूस काम करतोय.

आता परीक्षा घ्या. वेळ एक मिनिट ठेवा, सगळं बंद करा, माउसची वायर काढा आणि हात लावू नका. लॉक झालं? मग एकेक गोष्ट परत सुरू करा. जिथे अडेल, तिथेच दोष. शेवटी वेळ दोन-तीन मिनिटांवर ठेवा.

पण खुर्ची सोडताना त्या दोन मिनिटांचीही वाट बघू नका. उबुंटूत विंडोजच्या चिन्हाची की आणि एल, सिनॅमनमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एल दाबा. लगेच लॉक! दुकानातून उठताना गल्ल्याला कुलूप लावता ना? तशीच ही सवय. गल्ल्यातले पैसे तुमचे असतात, स्क्रीनवरची माहिती मात्र ग्राहकाची असते.