बेंबीच्या देठापासून

आंघोळ करताना बेंबीत बोट घालून कधी विचार केलाय, हा खळगा इथे कशाला? त्यातून ऐकू येत नाही, वास येत नाही. फार तर मळ साठतो आणि आई ओरडते!

उत्तर आपल्या भाषेतच दडलंय. तुम्ही फार आरडाओरडा केलात की आजी म्हणते ना, "अरे, बेंबीच्या देठापासून काय ओरडतोस!" तर हा देठ खरोखरच होता. कैरी देठाने झाडाला लटकते, तसे तुम्ही नाळेने आईला जोडलेले होतात. जन्मानंतर देठ गळला, खूण राहिली. तीच बेंबी.

जन्माच्या वेळी नाळ साधारण ५० सेंटिमीटर लांब असते, म्हणजे जवळजवळ बाळाएवढीच. तिच्यात तीन रक्तवाहिन्या असतात. एकीतून बाळाकडे अन्न आणि ऑक्सिजन येतो, उरलेल्या दोघींतून नको असलेलं परत जातं. नाळेचं दुसरं टोक असतं गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेल्या थाळीसारख्या अवयवात. पुस्तकात त्याला अपरा म्हणतात, आजी म्हणेल वार. गंमत म्हणजे इथे आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मधल्या पातळ पडद्यातून फक्त देवाणघेवाण होते, शेजारणी कुंपणावरून वाटीभर साखर देतात तशी.

पण नाळ तयार होण्याआधी तुम्ही कुठे होतात?

१६९४ साली हार्टसूकर नावाच्या डच माणसाने एक चित्र छापलं. बाबांकडून येणाऱ्या शुक्रपेशीच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला चिमुकला माणूस! म्हणजे बाळ आधीच तयार, नुसतं मोठं व्हायचं बाकी. छान कल्पना, पण साफ चुकीची.

खरी गोष्ट अशी. आईच्या ओटीपोटात उलट्या ठेवलेल्या नासपतीएवढं गर्भाशय असतं. त्याच्या दोन बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशयं. तिथून महिन्याला साधारण एक अंडपेशी बाहेर पडते आणि अंडनलिकेत येते. ही माणसाच्या शरीरातल्या सगळ्यात मोठ्या पेशींपैकी एक, तरी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढीच! सस्तन प्राण्याची अंडपेशी माणसाला ओळखता आली ती थेट १८२७ मध्ये. कार्ल फॉन बेअर यांनी ती शोधली, तीही कुत्रीच्या शरीरात.

बाबांच्या शरीरात वृषणांमध्ये शेपटीवाल्या शुक्रपेशी तयार होतात. आईच्या शरीरात त्या कोट्यवधींनी येतात, पण अंडपेशीपर्यंत पोचतात थोड्याच. त्यातली एक आत शिरली की अंडपेशी दार लावून घेते. आता दुसरीला प्रवेश नाही!

मग या एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. तीन-चार दिवसांत तुतीच्या फळासारखा दिसणारा गोळा तयार होतो. हे सगळं गर्भाशयाकडे सरकता सरकता चाललेलं असतं. आठवड्याभरात हा गोळा गर्भाशयाच्या मऊ भिंतीत रुजायला लागतो, अगदी बीसारखा.

आणि साधारण २२व्या दिवशी, अजून चेहरासुद्धा नाही तेव्हा, हृदय धडधडू लागतं! चौथ्या-पाचव्या आठवड्यात तुम्हाला चक्क शेपूटही होतं. पुढे ते नाहीसं झालं. पाठीच्या कण्याचं अगदी खालचं टोक चाचपून बघा. त्याला आपण म्हणतो माकडहाड!

हात तर आधी नुसते वल्ह्यासारखे चपटे होते. मग बोटांच्या मधल्या जागेतल्या पेशी आपणहून मरून गेल्या आणि बोटं सुटी झाली. मूर्तिकार दगडातला नको तो भाग काढून टाकतो, तसंच. आठ आठवडे झाले तेव्हा तुम्ही जेमतेम तीन सेंटिमीटरचे होतात, पण जवळजवळ प्रत्येक अवयवाची सुरुवात झालेली होती. हार्टसूकरला वाटलं होतं तसं आयतं काहीच नव्हतं. एकेक गोष्ट क्रमाने घडत गेली.

आता शेवटची आणि सगळ्यात भारी गोष्ट. मुलीच्या अंडाशयातल्या अंडपेशी ती जन्मण्याआधीच, आईच्या पोटात असतानाच, तयार व्हायला लागतात. म्हणजे तुमची आई आजीच्या पोटात होती, तेव्हा तिच्या इवल्याशा अंडाशयात ती अंडपेशीही होती, जिच्यापासून पुढे तुम्ही झालात.

तेव्हा आज आईच्या आईला जरूर विचारा, "आजी, माझी आई पोटात होती तेव्हा तुला कसले डोहाळे लागले होते?" चिंचा म्हणाली, तर त्यातला एखादा कण तुमच्याही वाट्याला आला असेल!