काशीतील वाडा विकताना पहिली भेट महत्त्वाची

वाराणसीत गंगेकाठी उभ्या असलेल्या बहुतेक जुन्या वाड्यांना दोन दारे आहेत. एक गल्लीत उघडते, दुसरे घाटावर. वाडा विक्रीस काढल्यावर गिऱ्हाइकाला प्रथम कोणत्या दाराने आत आणले, यावर त्याचे मत बऱ्याच अंशी ठरते आणि त्या मताचा परिणाम पुढे किमतीच्या बोलण्यावर होतो. अशा घरांचे मालक बहुधा एक नसून अनेक वारस असतात, आणि पहिली भेट फसली तर सौदा वर्षानुवर्षे रेंगाळतो.

या संदर्भात मुन्शी घाट आणि दरभंगा घाटावरील प्रासादाचे उदाहरण मराठी वाचकांना जवळचे वाटेल. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी ही वास्तू उभारली. १९१५ मध्ये ती दरभंग्याच्या महाराजांकडे गेली. त्यांच्या काळात येथे हाताने चालणारी लिफ्ट बसवण्यात आली. १९९४ मध्ये क्लार्क्स हॉटेल समूहाने वास्तू घेतली आणि प्रदीर्घ जीर्णोद्धारानंतर तेथे ‘ब्रिजरामा पॅलेस’ हे हॉटेल सुरू झाले. या हॉटेलात पाहुण्यांना नावेतून आणले जाते. मोटार जवळ जाऊ शकत नाही, हे त्याचे एक कारण. पण अडचणीतूनच या वास्तूला तिचे सर्वोत्तम प्रवेशद्वार मिळाले आहे, असे म्हणता येईल. बांधणाऱ्याने दर्शनी भाग नदीकडे ठेवला होता. गल्लीतून येणाऱ्याला केवळ वाड्याची पाठ दिसते.

वेळेलाही येथे महत्त्व आहे. काशीपाशी गंगा उत्तरवाहिनी होते आणि घाट तिच्या पश्चिम तीरावर आहेत. त्यामुळे सूर्योदयाचे कोवळे ऊन थेट वाड्यांच्या दर्शनी भागावर पडते. दुपारनंतर तोच भाग सावलीत जातो आणि दगड निस्तेज दिसू लागतो. घर दाखवण्यास सकाळची पहिली घटका उत्तम. पावसाळा मात्र टाळावा. पूर आला की नौकानयन बंद होते, आणि पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळाचे थर साचतात. देवदिवाळीच्या रात्री, लाखो दिव्यांच्या झगमगाटात घर दाखवण्याचा मोहही आवरावा, कारण त्या रात्री गिऱ्हाईक घर पाहतच नाही, उत्सव पाहते.

विक्रीपूर्वी घर नवे दिसावे म्हणून रंग देण्याची प्रथा सर्वत्र आहे. काशीत तीच अंगाशी येते. येथील अनेक वास्तू चुनारच्या वालुकाश्माच्या आहेत. या दगडावर सिमेंटचा गिलावा किंवा तैलरंग चढवल्यास ओल आत कोंडते, क्षार पृष्ठभागावर येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. जाणत्या गिऱ्हाइकाला ताज्या रंगाचा वास आला की त्यामागे ओल असावी अशी शंका येते. त्यापेक्षा दगड हलक्या हाताने धुऊन घ्यावा, सांधे चुन्याने भरावेत, लोंबत्या तारा काढाव्यात आणि चौकात ऊन येऊ द्यावे.

पुराची खूण लपवणे तर सर्वस्वी चुकीचे. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. पाणी कोणत्या पायरीपर्यंत येते, हे विक्रेत्याने स्वतःहून दाखवावे. पायाचेही तसेच. बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास उभारलेल्या शिंदे घाटाचे अवजड बांधकाम स्वतःच्याच भाराने खचले होते, ही गोष्ट शहरात सर्वश्रुत आहे. त्यामुळे गिऱ्हाईक भिंतीतील भेगा पाहणारच.

कायदाही विक्रेत्याला मौन पाळू देत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, मिळकतीतील किंवा मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे, पण खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही कळणार नाही, तो उघड करणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. असा दोष न सांगणे याच कलमाने कपटपूर्ण मानले आहे.

काशीत हक्कातील दोष भिंतीतील दोषांपेक्षा अधिक आढळतात. तळमजल्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा भाडेकरू असतो, एखादा वारस परगावी असतो, किंवा घरातच देऊळ असते. २०२१ मध्ये लोकार्पण झालेल्या विश्वनाथ धामासाठी तीनशेहून अधिक मालमत्ता घेण्यात आल्या, तेव्हा त्या दाट वस्तीत झाकली गेलेली चाळीसहून अधिक जुनी मंदिरे उजेडात आली. मिळकत देवाच्या नावे असेल, तर ती खासगी घराप्रमाणे विकता येत नाही. नदीकाठच्या २०० मीटरच्या पट्ट्यात नव्या बांधकामावर निर्बंध आहेत, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. अन्यथा गच्चीवर आणखी एक मजला चढवण्याचे मनसुबे रचतच ते नावेतून उतरेल.