दोन लाख घरांचं दप्तर

बोस्नियात १९९२ ते १९९५ या युद्धाच्या काळात सुमारे २२ लाख माणसं घराबाहेर फेकली गेली. १९९१च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ४४ लाखांच्या आत होती, म्हणजे निम्मा देश विस्थापित झाला. बहुतेकांना लढाईच्या ओघात घर सोडावं लागलं नव्हतं. त्यांना हाकलण्यासाठीच लढाई झाली होती. डिसेंबर १९९५मध्ये पॅरिसमध्ये युद्ध संपवणाऱ्या डेटन करारावर सह्या झाल्या. त्याच्या सातव्या परिशिष्टात प्रत्येक विस्थापिताला मूळ घरी परतण्याचा आणि हिरावलेली मालमत्ता परत मिळवण्याचा हक्क दिला गेला. असे हक्क अनेक करारांमध्ये असतात आणि कागदावरच राहतात. बोस्नियात मात्र घरं आणि सदनिका मिळून ताब्याचे दोन लाखांहून अधिक दावे नगरपालिकांकडे दाखल झाले आणि २००३ सरताना त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक निकाली निघाले होते. युद्धात एकमेकांच्या जिवावर उठलेल्या समाजात हे घडलं कसं, असं विचारलं की सलोखा, क्षमा, काळाची फुंकर अशी उत्तरं दिली जातात. ती मला पटत नाहीत. घरं परत मिळाली, कारण परतीचा प्रश्न राजकारण्यांच्या वाटाघाटीतून उचलून नगरपालिकेच्या खिडकीवर आणला गेला. अर्ज, क्रमांक, मुदत, नोटीस आणि ताबा एवढंच त्याचं स्वरूप उरलं, आणि त्या रुक्षपणातच त्याचं यश होतं.

यातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग होता शहरांतल्या सदनिकांचा. खेड्यातलं घर ज्याचं त्याचं होतं. जळालं तरी जमीन नावावर होती. सारायेवो, बान्या लुका, मोस्तार या शहरांतल्या हजारो सदनिका मात्र सामाजिक मालकीच्या होत्या. कामगारांच्या पगारातून कपात होऊन गृहनिधी उभा राही, त्यातून इमारती बांधल्या जात आणि कारखाना किंवा संस्था आपल्या माणसाला भोगवट्याचा हक्क देई. तिथे त्याला ‘स्तानार्स्को प्रावो’ म्हणत. मुंबईतल्या पागडीच्या भाडेकरूसारखाच हा माणूस मालकही नव्हता आणि साधा भाडेकरूही नव्हता. हक्क आयुष्यभराचा होता, घरातल्यांकडे पुढे जाणारा होता आणि सहजासहजी काढून घेता येण्यासारखा नव्हता. फक्त एक अट होती. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने सदनिकेत राहिलं नाही, तर हक्क रद्द होऊ शकत असे. शांततेच्या काळात, घरांची टंचाई असताना, रिकाम्या सदनिका अडकून पडू नयेत म्हणून केलेला हा नियम होता. युद्धात त्याचंच हत्यार झालं. बंदुकीच्या धाकाने हुसकावलेल्या माणसाबद्दल ‘सदनिका सोडून गेला’ अशी नोंद झाली आणि त्याच्या घरात दुसऱ्याला बसवलं गेलं.

याहून निर्दय गोष्ट युद्ध थांबल्यावर घडली. देशाचे आता दोन भाग होते, बोस्नियाक आणि क्रोएट यांचं फेडरेशन आणि सर्बांचं रिपब्लिका सर्प्स्का. फेडरेशनमध्ये ‘सोडून दिलेल्या सदनिकां’चा कायदा होता. डिसेंबर १९९५मध्ये युद्धस्थिती उठली, तेव्हा त्या कायद्याने मूळ रहिवाशांना परतायला मुदत दिली. देशातल्यांना सात दिवस आणि परदेशी गेलेल्यांना पंधरा दिवस. जर्मनीतल्या निर्वासित छावणीतल्या कुटुंबाने पंधरा दिवसांत, भर हिवाळ्यात, कालपर्यंतच्या युद्धरेषा ओलांडून सारायेवोतल्या आपल्या सदनिकेत हजर व्हायचं होतं. ते जमणार नाही, हे कायदा लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. मुदत टळली की हक्क कायमचा गेला. फेब्रुवारी १९९६मध्ये रिपब्लिका सर्प्स्कानेही आपला कायदा केला आणि परतीची वाट वेगळ्या शब्दांत अडवून ठेवली. वांशिक हकालपट्टीचं उरलेलं काम दोन्हीकडच्या कारकुनांनी कायदेशीर भाषेत पूर्ण करत आणलं होतं. म्हणूनच त्यावरचा उताराही कायद्याच्या आणि कारकुनीच्याच भाषेत लिहावा लागला.

डेटन कराराने मालमत्तेच्या दाव्यांसाठी नऊ सदस्यांचा आयोग नेमला होता. चार सदस्य फेडरेशनचे, दोन रिपब्लिका सर्प्स्काचे आणि तीन युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या अध्यक्षांनी नेमलेले. १ एप्रिल १९९२ रोजी सदनिका कोणाच्या हक्काची होती, एवढंच त्यांनी ठरवायचं. माणूस का गेला, कोणत्या बाजूचा होता, परत येऊन तिथे राहणार की नाही, यांतला एकही प्रश्न त्यांना विचारायचा नव्हता. प्रश्न इतका आखूड केल्यामुळेच आयोग २००३पर्यंत तीन लाखांहून अधिक निर्णय देऊ शकला. पण निर्णय हातात पडला तरी आत राहणारं कुटुंब दार उघडत नव्हतं. आयोगाकडे ना पोलीस होते, ना बेलिफ. सुरुवातीची कित्येक वर्षं हे निर्णय लोकांच्या कपाटात पडून राहिले.

गाडं हललं ते १९९८मध्ये. एप्रिलमध्ये फेडरेशनचा आणि डिसेंबरमध्ये रिपब्लिका सर्प्स्काचा जुना कायदा मोडीत निघाला. ऑक्टोबर १९९९मध्ये कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारे आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधी वोल्फगांग पेट्रिच यांनी दोन्हीकडचे नियम आपल्या अधिकारात एकसारखे करून टाकले. त्यानंतर निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रांची संस्था, युरोपातली सुरक्षा व सहकार्य संघटना, उच्च प्रतिनिधींचं कार्यालय, संयुक्त राष्ट्रांचं पोलीस पथक आणि मालमत्ता आयोग यांनी मिळून एक अंमलबजावणी योजना उभी केली. पीएलआयपी या नावाने ती ओळखली जाते. तिने प्रत्येक नगरपालिकेचे दावे, निकाल आणि दिलेले ताबे दर महिन्याला आकड्यांत प्रसिद्ध करायला सुरुवात केली. ‘आमच्याकडे परिस्थिती नाजूक आहे’ हे पालुपद मग चालेना, कारण शेजारच्या पालिकेतही परिस्थिती तितकीच नाजूक असे आणि तिचा आकडा पुढे गेलेला असे. २०००च्या अखेरीस जेमतेम पाचव्या हिश्शाचे दावे मार्गी लागले होते. पुढच्या तीन वर्षांत बाकीचे जवळपास संपले.

प्रत्यक्षात काम असं चाले. अर्ज आला की पालिकेच्या गृहविभागाने तीस दिवसांत निर्णय द्यायचा. आत राहणाऱ्याला स्वतःचं दुसरं घर असेल, तर पंधरा दिवसांत जागा रिकामी करायची. खरोखरच आसरा नसेल, तर नव्वद दिवस मिळायचे आणि पर्यायी जागेची जबाबदारी सरकारची. मुदत संपली की ठरल्या दिवशी सकाळी अधिकारी, पोलीस आणि कुलूप उघडणारा माणूस जिना चढत. पंचनामा होई. दारं-खिडक्या, नळ, न्हाणीघरातलं भांडं, लाकडी जमीन, वायरिंग, सगळ्याची नोंद केली जाई. ही नोंद फार महत्त्वाची होती, कारण बाहेर पडणारे कित्येकजण जाताना सदनिका अक्षरशः सोलून नेत. विजेची बटणं आणि दाराच्या चौकटीही उपटल्या जात. मग कुलूप बदललं जाई आणि नवी किल्ली सही घेऊन मूळ रहिवाशाच्या हाती पडे. दहा वर्षांची फरफट संपत असताना तिथे ना भाषण होतं, ना हस्तांदोलन. परतणाऱ्याला शेजाऱ्यांच्या कृपेची याचना करावी लागली नाही, याचं मोल मला फार वाटतं.

याच जातीची आणखी एक साधी सुधारणा १९९८मध्ये झाली, ती गाड्यांच्या क्रमांकांची. आधी पाटी पाहूनच गाडी कोणत्या बाजूची ते कळे आणि पलीकडे गेलेल्या गाडीवर दगड पडत. नव्या पाट्यांवर लॅटिन आणि सिरिलिक या दोन्ही लिप्यांत सारखी दिसणारी अक्षरंच ठेवली गेली, गावाचा संकेत काढून टाकला आणि आपलं जुनं घर पाहून येणं लोकांना शक्य झालं.

या कामावर सर्वांत गंभीर आक्षेप आत राहणाऱ्यांच्या बाजूने येतो. तेही बहुतेक विस्थापितच होते. पूर्व बोस्नियातून सर्वस्व गमावून आलेल्या बाईला सारायेवोतल्या सदनिकेतून बाहेर काढणं हा न्याय म्हणायचा का? दुःख खरं आहे, पण नोंदी ताडून पाहिल्यावर चित्र बदललं. एकाच कुटुंबाने दोन-दोन घरं अडवल्याची, गावाकडचं घर दुरुस्त होऊनही शहरातली जागा न सोडल्याची उदाहरणं भरपूर निघाली. पोलीस, न्यायाधीश आणि नगरसेवकही दुसऱ्यांच्या सदनिकांत ठाण मांडून होते. नोव्हेंबर १९९९मध्ये उच्च प्रतिनिधींनी २२ पदाधिकाऱ्यांना बडतर्फ केलं, त्यामागे घरवापसीत घातलेला खोडा हे मोठं कारण होतं. गरजवंत विस्थापिताला पुढे करून या मंडळींनी आपले ताबे राखले होते. खऱ्या गरजवंतासाठी कोणीही दावा न केलेल्या सदनिका वापरता आल्या. त्या बाईला आसरा देणं सरकारचं कर्तव्य आहे. दुसऱ्या विस्थापिताच्या घरावर ते ढकलून सरकारला मोकळं होता येणार नाही.

मग जो जिथे आहे तिथे राहू द्या आणि गेलेल्या घराचे पैसे द्या, असं काहीजण म्हणत. आपल्याकडे फाळणीनंतर जवळपास हेच झालं. निघून गेलेल्यांची मालमत्ता १९५०च्या कायद्याने सरकारी अभिरक्षकाकडे गेली आणि १९५४च्या कायद्याने ती निर्वासितांच्या भरपाईसाठी वापरली गेली. उल्हासनगरच्या छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांना मागे परतायची वाट उरलीच नव्हती. दोन वेगळे देश झाले होते, आणि त्या परिस्थितीत दुसरा मार्ग दिसत नाही. बोस्निया मात्र एकच देश राहणार असं करारात ठरलं होतं. तिथे अदलाबदल मान्य करणं म्हणजे हकालपट्टीवर सरकारी शिक्का मारणं झालं असतं.

ताबा मिळालेल्या अनेकांनी सदनिका विकली किंवा बदलून घेतली आणि ते दुसरीकडेच राहिले, म्हणून सगळा खटाटोप फसला असंही म्हटलं जातं. २०१३च्या जनगणनेत रिपब्लिका सर्प्स्कातले ८१ टक्क्यांहून अधिक लोक सर्ब होते. मिश्र वस्तीचा जुना बोस्निया परत आला नाही, हे मान्यच करावं लागतं. सप्टेंबर २००४पर्यंत दहा लाख लोक परतल्याची नोंद झाली, पण घर मिळालं तरी नोकरी मिळाली नाही आणि मुलांच्या शाळा वांशिक रेघांवरच राहिल्या. तरीही सदनिका विकण्याचा निर्णय आता तिच्या हक्कदाराचा होता आणि पैसा त्याच्या खिशात गेला. हाकलणाऱ्याला लुटीचं फळ मिळालं नाही. शेजारच्या क्रोएशियात काय झालं ते पाहिलं की हा फरक कळतो. तिथे गैरहजेरीच्या कारणावरून न्यायालयांनी सुमारे २४ हजार भोगवटा हक्क रद्द केले आणि सदनिका परत दिल्या गेल्या नाहीत. झादारमधल्या एका महिलेचा दावा स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला. २००६मध्ये तो अधिकारकक्षेच्या कालमर्यादेवर फेटाळला गेला, मूळ अन्यायाचा विचारही झाला नाही. बोस्नियाचाही हात स्वच्छ नाही. युद्धानंतर युगोस्लाव्ह सैन्याच्या सेवेत राहिलेल्यांना लष्करी सदनिका नाकारल्या गेल्या आणि २०१०मध्ये मानवी हक्क न्यायालयाने तो मालमत्ता हक्काचा भंग ठरवला.

परकीयांनी कायदा लादला, हा आरोप खराच आहे. पण अर्ज घेणारे, नोटिसा बजावणारे आणि जिना चढणारे सारे स्थानिकच होते. वरून आदेश आला नसता, तर यांतल्या प्रामाणिक माणसाला आपल्या गावात हे काम करण्याची सोय नव्हती.

सीरियात २०१८च्या दहाव्या क्रमांकाच्या कायद्याने पुनर्विकासाच्या भागांतल्या मालकांना हक्क सिद्ध करायला सुरुवातीला तीस दिवस दिले होते. ओरड झाल्यावर ते वर्षभर केले. सारायेवोचे सात आणि पंधरा दिवस जगात पुन्हा पुन्हा उगवतात. बोस्नियात १९९८मध्ये आलेला कायदा १९९५मध्येच लिहिता आला असता. करारात परतीचा हक्क होता, आयोग होता, पण ताबा कोण देणार आणि किती दिवसांत, हे नव्हतं. पुढच्या तहाची कलमं लिहायला बसणाऱ्यांनी ते पहिल्याच दिवशी लिहावं, आणि युद्धाच्या काळात झालेल्या गैरहजेरीवरून कोणाचाही हक्क जाणार नाही, हे त्याच्याही वर लिहावं.