बिअरमध्ये ओकची चव येते कशी?
ओकच्या चवीची इंग्लिश बिटर एल मी चाखली, तेव्हा पहिला प्रश्न पडला, कडू बिअरमध्ये व्हॅनिला कुठून आला? कडूपणा हॉप्सचा असतो. उकळताना त्यातल्या अल्फा आम्लांचं रूप बदलतं आणि कडवटपणा उतरतो. व्हॅनिला मात्र लाकडाचा. ओक भाजला की लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होतं. टॅनिनमुळे जांभूळ खाल्ल्यासारखं तोंड तुरट होतं. लेबलवर ‘ओक’ लिहिलंय म्हणजे बिअर पिंपातच मुरवली असं नाही बरं का, भाजलेले ओकचे तुकडे टाकूनही काम होतं. त्यामुळे जास्त पैसे मोजण्याआधी लेबल नीट वाचा. आणि फ्रिजमधून काढून लगेच पिऊ नका. थंडपणात सुगंध दबतो. मला तो साधारण १२ अंशांवर खुललेला जाणवला.