चुंबकाच्या खोलीतील औषध-पंप

शाळेच्या प्रयोगशाळेतील नालाकृती लोहचुंबक टेबलावरील टाचणीकडे हळूहळू सरकवीत नेण्याचा खेळ आपण सर्वांनीच लहानपणी केला असेल. बराच वेळ टाचणी जागची हलत नाही. चुंबक बोटभर अंतरावर आला, की मात्र ती एकाएकी उडी मारून त्याला चिकटते. ही उडी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

मेंदू, मणका, सांधे यांची आतील चित्रे घेणारे एम. आर. आय. यंत्र आता आपल्या घरोघरी ऐकून माहीत झाले आहे. त्यातील बहुतेक यंत्रांत नायोबियम व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या तारेची वेटोळी द्रवरूप हीलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअस इतक्या थंडीत ठेवलेली असतात. अशा थंडीत तारेचा विद्युत्-रोध नाहीसा होतो, आणि एकदा सोडलेला प्रवाह आपोआप फिरत राहतो. रुग्णालयांतील यंत्रे बहुधा १.५ किंवा ३ टेस्ला शक्तीची असतात. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट! आणि हा चुंबक तपासणी संपली म्हणून थांबत नाही. रात्री, सुटीच्या दिवशी, खोलीत दिवा नसतानाही तो आपल्या पूर्ण बळाने जागाच असतो. २००१ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एका रुग्णालयात सहा वर्षांच्या मुलावर, आणि २०१८ च्या जानेवारीत आपल्या मुंबईत एका रुग्णाच्या तरुण नातलगावर प्राणवायूच्या लोखंडी नळकांड्यामुळे मृत्यू ओढवला, तो अशाच खोलीत.

आता अतिदक्षता विभागातील एखादा रुग्ण डोळ्यांपुढे आणा. त्याचा रक्तदाब नॉरअॅड्रिनॅलिनच्या थेंबांवर टिकून आहे. हे औषध शरीरात काही मिनिटेच टिकते. थेंब थांबला की दाब कोसळू लागतो. म्हणून ते पंपाने, तासाला मोजके मिलिलिटर, अखंड द्यावे लागते. नेमक्या याच रुग्णाच्या मेंदूचे चित्र हवे आहे. लहान मुलांना तपासणीपुरते निजवून ठेवावयाचे तरी पुष्कळदा औषध असेच चालू ठेवावे लागते. तेव्हा प्रश्न असा, की पंप दारात काढून ठेवता येत नाही, आणि आतही नेता येत नाही.

कारण नेहमीच्या पंपात एक छोटी विजेची मोटर असते. ती स्क्रू फिरवून सिरिंजचा दट्ट्या पुढे ढकलते, किंवा बोटांसारख्या पट्ट्यांनी नळी क्रमाक्रमाने दाबीत जाते. मोटरच चुंबकावर चालणारी! बाहेरचा राक्षसी चुंबक जवळ आला, की ती अडखळते किंवा थांबते, आणि औषध कमीजास्त जाते. पंपाच्या विजेची खरखर रेडिओतील खरखरीप्रमाणे चित्रात उतरते, ती निराळीच. शिवाय सबंध पंपच त्या टाचणीप्रमाणे उडी घेऊ शकतो. गाडा ढकलणाऱ्या माणसाला दोन पावले अलीकडे काहीच ओढ जाणवत नाही, म्हणून तो निर्धास्तपणे आणखी एक पाऊल टाकतो.

यावर पहिला उपाय सर्वांना सुचतो तोच: पंप भिंतीबाहेर ठेवून लांब नळी आत न्यावी. पण जरा गणित करून पाहू. नळीचा आतील व्यास दीड मिलिमीटर व लांबी सहा मीटर धरली, तर तिच्या पोटात सुमारे साडेदहा मिलिलिटर द्रव मावतो. औषध तासाला पाच मिलिलिटर या गतीने जात असेल, तर बाहेर जोडलेले नवे औषध रुग्णाच्या शिरेत पोहोचावयास दोन तास लागतील! नळी कोठे मुडपली, तर ती आधी फुगत राहते, पंपाची घंटा उशिरा वाजते, आणि मुडप सुटली की साठलेले औषध एकदम आत जाते. निकड पडली तर हा उपाय करतात. सोय म्हणून नव्हे.

दुसरा उपाय म्हणजे नेहमीचेच पंप धातूच्या आवरणाच्या कपाटात बसवून, ब्रेक असलेल्या चाकांच्या गाड्यावर चुंबकापासून ठराविक अंतरावर ठेवणे. चुंबकत्व मोजणारे उपकरण त्यावर असते, व मर्यादा ओलांडली की ते ओरडते. ही युक्ती उपयुक्त खरी. पण अखेर सारी भिस्त माणसाच्या सावधपणावर.

तिसरा उपाय मला स्वतःला सर्वांत सुंदर वाटतो. चुंबकाशिवाय चालणारी मोटर! काही स्फटिक दाबले असता त्यांत वीज उत्पन्न होते, हे पिएर क्यूरी व त्यांचे बंधू झाक यांनी १८८० मध्ये दाखविले. उलट, अशा पदार्थास वीज दिली तर तो किंचित आकार बदलतो. त्या गुणाच्या मातीच्या कड्याला कानास ऐकू न येणाऱ्या वेगाने वीज देत राहिले, की कड्यावर अतिसूक्ष्म लाट गोल फिरू लागते, आणि वर दाबून बसविलेली चकती घर्षणाने फिरते. जपानमध्ये तोशिइकु साशिदा यांनी १९८० नंतरच्या दशकात अशी मोटर सिद्ध केली, आणि १९८७ मध्ये कॅनन कंपनीने ती कॅमेऱ्याच्या भिंगात बसविली. छायाचित्रकाराच्या सोयीची ही वस्तू पुढे रुग्णाच्या उशाशी आली. हिचा आणखी एक गुण असा, की वीज गेली तरी चकती घर्षणाने जागीच घट्ट राहते.

मोटर बदलली म्हणून काम संपत नाही. स्प्रिंग, धारवे, स्क्रू, बॅटरीचे पोलादी कवच, घंटेतील चिमुकला चुंबक, प्रत्येक वस्तू पारखावी लागते. स्टेनलेस स्टीलची काही भांडी चुंबकाला चिकटतात, काही नाही, हे गृहिणींना ठाऊक आहे. न चिकटणारे पोलादही वाकविताना, ठोकताना थोडेसे चिकटू लागते! पितळ, अॅल्युमिनियम चालतात. लांब तारा मात्र यंत्राच्या रेडिओलहरींनी तापू शकतात, म्हणून संदेश काचेच्या तंतूंतून प्रकाशाने पाठवितात. चित्र उठून दिसावे म्हणून गॅडोलिनियमयुक्त औषध टोचणाऱ्या यंत्रांतही हेच. साठ किलो वजनाच्या माणसास प्रायः बारा मिलिलिटर औषध, सेकंदाला सुमारे दोन मिलिलिटर या वेगाने, व मागोमाग सलाईन जाते. हुकूम देणारा बाहेर काचेपलीकडे बसलेला असतो.

अशा वस्तूंवर २००५ पासून तीन खुणा ठरल्या आहेत. हिरवा चौकोन म्हणजे निर्धोक, पिवळा त्रिकोण म्हणजे सांगितलेल्या अटींवर चालेल, तांबडे वर्तुळ व तिरपी रेघ म्हणजे आत नेऊ नये. हिरवी खूण फक्त धातू, वीज व चुंबकत्व यांचा लेशही नसलेल्या वस्तूला मिळते. म्हणजे विजेचा कोणताही पंप, कितीही महाग असो, हिरवा असूच शकत नाही. चांगल्यातला चांगला पंपही पिवळाच, आणि त्याची अट म्हणजे किती गाऊसच्या रेषेपर्यंत तो न्यावा, हा आकडा.

आपल्यापैकी कोणी रुग्णालयास असा पंप देणगी देण्याचे मनात आणील, तर किमतीबरोबर तो आकडाही विचारावा; त्या रुग्णालयाचा चुंबक १.५ टेस्लाचा आहे की ३ चा, आणि खोलीच्या जमिनीवर त्या गाऊसची रेषा रंगवून घेतलेली आहे की नाही, हेही पाहून घ्यावे.