लैंगिक सुखाचे मापन

लैंगिक सुखाचे मापन हा लैंगिक मानसशास्त्रातील एक अभ्यासविषय आहे. लैंगिक अनुभवातून व्यक्तीला मिळणारे शारीरिक व मानसिक सुख म्हणजे नेमके काय आणि ते संशोधनात कसे मोजावे, या दोन प्रश्नांचा त्यात विचार होतो. इच्छा, उत्तेजना, कामपूर्ती व समाधान यांहून सुख वेगळे आहे. तरीही विसाव्या शतकातील बहुतेक संशोधनात या चारांपैकी एखादी गोष्ट मोजून तिलाच सुख मानले गेले.

व्याख्या

हा वाद जुना आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात कामाची व्याख्या करताना विशिष्ट स्पर्शातून होणाऱ्या सुखाला ‘आभिमानिक’ म्हटले आहे, म्हणजे ते व्यक्तीच्या स्वतःच्या जाणिवेशी जोडलेले आहे. त्याच ग्रंथात स्त्रीचे सुख पुरुषासारखेच असते का, यावर मतभेद नोंदवले आहेत. औद्दालकीने वर्तनाचा पुरावा दिला: पुरुष तृप्त होताच आपणहून थांबतो, स्त्री तशी थांबत नाही, म्हणून तिचे सुख निराळे. बाभ्रव्यांच्या मते स्त्रीला सुख आरंभापासून सतत मिळते, पुरुषाला केवळ शेवटी. दोघांची जात एक आणि हेतू एक, म्हणून सुखही सारखे, असा निष्कर्ष वात्स्यायनाने काढला. तिन्ही मते पुरुषांच्या चर्चेत मांडलेली आहेत, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

आधुनिक मानसशास्त्रात केंट बेरिज यांनी ‘हवेसे वाटणे’ आणि ‘आवडणे’ या मेंदूतील दोन वेगळ्या प्रक्रिया असल्याचे दाखवले. त्यामुळे इच्छा व सुख यांची फारकत करणे सोपे झाले. सुख व समाधान यांतील फरक अधिक नाजूक आहे. समाधान हा अपेक्षेच्या तुलनेत केलेला निवाडा असतो. सारा मॅक्लेलंड यांनी २०१० मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवले: जिने सुखाची अपेक्षाच केलेली नाही, ती केवळ वेदना झाली नाही म्हणूनही स्वतःला समाधानी म्हणू शकते. अशा उत्तरांची सरासरी काढली, तर विषमता आकड्यांतून नाहीशी होते.

मापनाच्या पद्धती

आल्फ्रेड किन्सी यांच्या १९४८ व १९५३ च्या अहवालांत कामपूर्ती किती वेळा झाली, याची मोजदाद हा मुख्य आधार होता. मास्टर्स व जॉन्सन यांनी १९६६ मध्ये प्रयोगशाळेतील निरीक्षणांवरून शारीरिक प्रतिसादाचे चार टप्पे मांडले. जननेंद्रियांतील रक्तप्रवाह मोजणारी उपकरणेही वापरात आली. मात्र १९६९ ते २००७ या काळातील १३२ अभ्यासांचा एकत्रित आढावा मेरेडिथ चायव्हर्स व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये घेतला, तेव्हा उपकरणाची नोंद आणि व्यक्तीचे स्वतःचे सांगणे यांतील सहसंबंध पुरुषांत ०.६६, तर स्त्रियांत केवळ ०.२६ आढळला. शरीराचा प्रतिसाद म्हणजे सुख नव्हे आणि संमतीही नव्हे. लैंगिक अत्याचाराच्या संदर्भात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

प्रश्नावल्यांपैकी २००० साली प्रसिद्ध झालेला ‘स्त्री लैंगिक कार्य निर्देशांक’ सर्वाधिक वापरला जातो. त्यात १९ प्रश्न व सहा विभाग आहेत: इच्छा, उत्तेजना, ओलसरपणा, कामपूर्ती, समाधान आणि वेदना. वेदनेला स्वतंत्र विभाग आहे, सुखाला नाही. सुखालाच केंद्रस्थानी ठेवणाऱ्या प्रश्नावल्या गेल्या दशकभरातच तयार होऊ लागल्या. जागतिक लैंगिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मेक्सिको सिटी येथील अधिवेशनात लैंगिक सुखाविषयी जाहीरनामा मांडला.

महाराष्ट्रातील संदर्भ

मराठीत हा विषय प्रयोगशाळेतून नव्हे, तर मासिकातून आला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’मधून स्त्रीलाही कामसुखाचा समान हक्क असल्याचे ठामपणे मांडले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. त्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, पण कर्वे यांना दंड झाला. (आंबेडकरांचा महाड येथील चवदार तळ्याचा सत्याग्रहही १९२७ चाच, मार्च महिन्यातला.) मुंबईतूनच ए. पी. पिल्ले हे ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी’ हे नियतकालिक काढत. स्त्रीच्या कामपूर्तीतील मूत्रमार्गाच्या भूमिकेवरचा अर्न्स्ट ग्रेफेनबर्ग यांचा लेख १९५० साली त्यात छापला गेला. पुढे ‘जी-स्पॉट’ हे नाव ज्यांच्या आद्याक्षरावरून पडले, ते हेच ग्रेफेनबर्ग.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गर्भनिरोधन, वैवाहिक हिंसा आणि पत्नीचा नकाराचा अधिकार यांविषयी प्रश्न असतात, सुखाविषयी नसतात. त्याची आकडेवारी जिल्हानिहाय मिळत असल्याने महाड किंवा पोलादपूर तालुक्याचे वेगळे चित्रही रायगडच्या आकड्यांतून दिसत नाही.

परदेशी प्रश्नावली अशा भागात जशीच्या तशी वापरता येत नाही. या दोन तालुक्यांतील अनेक घरांतले पुरुष नोकरीनिमित्त मुंबईत राहतात आणि शिमगा, गणपती अशा सणांना गावी येतात. वर उल्लेखलेला निर्देशांक मागील चार आठवड्यांविषयी विचारतो आणि त्या काळात संबंध आला नसल्यास बहुतेक प्रश्नांना शून्य गुण देतो. परिणामी नवरा चाकरमानी असलेल्या निरोगी स्त्रीची नोंद ‘लैंगिक बिघाड’ या गटात होऊ शकते. या निर्देशांकाच्या शून्य गुणांवर संशोधकांनी अन्यत्रही आक्षेप घेतलेला आहे. शब्दांची अडचण याहून मोठी आहे. मराठीत ‘सुख’ हा शब्द संसार, संतती व आरोग्य या सर्वांना व्यापतो, आणि ‘सुखी आहात का?’ या प्रश्नाला मिळालेला होकार बहुधा संसाराविषयी असतो. ‘कामपूर्ती’ हा शब्द पुस्तकी आहे, तर बोलीतले शब्द अनेकदा शिवीच्या वळणाचे. त्यामुळे प्रश्नावली मराठीत आणताना आधी स्थानिक स्त्रियांच्या मुलाखती घेऊन त्या वापरतात ते शब्द नोंदवणे आणि त्यानंतरच गुणांकनाकडे वळणे, ही पद्धत अधिक विश्वासार्ह मानली जाते. मुलाखत सासू किंवा जाऊ घरात असताना घेतली, तर उत्तर बदलते. म्हणून जागा व मुलाखत घेणारी व्यक्ती यांची नोंदही निष्कर्षांसोबत द्यावी लागते.